आत्याचे बेचाळीस किलो

आत्याला महिन्याभरात बेचाळीस किलो वजन उतरवायचं आहे, असं मी घरी सांगितलं तेव्हा काकांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, वर्तमानपत्र खाली केलं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे काळजीने पाहिलं.

"एवढं काढलं तर उरेल काय तिचं?"

वजन विमानाचं आहे, हे मी मुद्दाम जरा उशिरानेच सांगितलं.

आमच्या कंपनीकडे विमान एकच. दोन इंजिनांचं, पंख्यावर चालणारं, सहा प्रवाशांच्या खुर्च्यांचं, वयाने माझ्यापेक्षा मोठं. कुणाला कुठे तातडीने जायचं असेल तर ते भाड्याने घ्यायचं. फोन मी उचलतो, दर मी सांगतो, आणि पलीकडचा माणूस खोकला की थोडं थांबून पुन्हा सांगतो. विमान उडण्याजोगं ठेवणं हे आत्याचं काम. बावीस वर्षं ती ते करते आहे आणि तिच्या सहीशिवाय ते हँगरबाहेर चाकभरही सरकत नाही. मला ही नोकरी तिच्यामुळे लागली असं लोक म्हणतात. ते खरं आहे, म्हणून मी वाद घालत नाही.

लोकांना वाटतं, दर म्हणजे इंधन. इंधन तर आहेच, पण दर तासाला दोन्ही इंजिनांच्या नावाने पैसे बाजूला टाकावे लागतात. ठरलेले तास भरले की इंजिन उतरवून, सगळं सुटं करून, नव्याने बांधायचं असतं. ते चांगलं चालतंय की नाही, याची कुणी चौकशी करत नाही. एका इंजिनात सहा सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग, म्हणजे दोन इंजिनांचे चोवीस. "दोन इंजिनं म्हणजे दोन जावई," आत्या म्हणते. "एकाला काही दिलं की दुसरा दाराशी उभा."

तर झालं असं, की पवनचक्क्या दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीला दर सोमवारी पाच कारागीर अवजारांसकट एका दूरच्या धावपट्टीवर पोचवायचे होते. वर्षभराचं काम. पण तिथे इंधन मिळत नाही, म्हणजे परतीचंही इथूनच भरून न्यायचं. तेवढं इंधन भरलं की आमच्या विमानात वजनाच्या हिशेबाने माणसं बसत चार, पाचव्यासाठी थोडंच कमी पडे. पाचव्यासाठी दुसरी फेरी, आणि दुसऱ्या फेरीत सगळी कमाई धुराड्यातून बाहेर. मालकांनी आत्याला केबिनमध्ये बोलावून सरळ सांगितलं, "ताई, हे काम नाही मिळालं तर मी विमान सुटे भाग करून विकतो. इंजिनांना गिऱ्हाईक आहे."

आत्याने फक्त विचारलं, "किती कमी व्हायला हवं?"

कागदावर रिकाम्या विमानाचं वजन पंधराशे ब्याऐंशी किलो होतं. हवं होतं पंधराशे चाळीस.

"होईल," ती म्हणाली, आणि मला वाटलं, ही आता खुर्च्या फेकणार. पण तिने खुर्च्यांना हात लावला नाही. तिने विमानाची जमीन उचकटली.

गंमत अशी, की तीस वर्षांत या विमानात सुधारणाच सुधारणा झाल्या होत्या. नवा रेडिओ आला, नवं दिशायंत्र आलं, पंखांवर हवा नीट वळावी म्हणून नखाएवढ्या पट्ट्यांची रांग आली, आवाज कमी यावा म्हणून भिंतींत अस्तर आलं, मग त्यावर अजून एक अस्तर. प्रत्येक वेळी नवी वस्तू बसवणाऱ्याने जुनी काढली, पण जुन्याची तार काही ओढून काढली नाही. टोक कापायचं, तोंडाला टेप लावायचा, आणि भिंतीआड ढकलून हात पुसायचे. कारण मेलेली तार बाहेर काढायला नवी घालण्यापेक्षा तिप्पट वेळ लागतो, आणि त्या वेळेचं बिल कुणी देत नाही.

आत्याने तीन आठवडे त्या तारा उपसल्या. पालथी पडून, उताणी पडून, शेपटीच्या पोकळीत कंबरेपर्यंत शिरून. बाहेर दिसायचे ते फक्त तिचे बूट. मी फोनवर आलेला निरोप त्या बुटांना द्यायचो, आणि आतून उत्तर यायचं. प्रत्येक तारेचं दुसरं टोक सापडेपर्यंत ती कापत नसे. "जिवंत तार मेल्यासारखी पडून राहते," ती म्हणाली, "तुझ्यासारखी." जे निघेल ते ती लगेच तोलायची आणि वहीत मांडायची. तारा एकोणीस किलो. रिकाम्या लोखंडी चौकटी अकरा. वरचं जादा अस्तर नऊ. कुणाचे तरी विसरलेले पंप, नळ्या आणि पट्ट्या सात. एकूण शेहेचाळीस. म्हणजे हवं त्यापेक्षा चार किलो जास्तच. मी मनातल्या मनात पवनचक्कीवाल्यांना दरपत्रक पाठवूनही टाकलं.

वजनाच्या दिवशी त्यांच्या कंपनीच्या सुरक्षा अधिकारी बाई स्वतः आल्या. विमानातलं इंधन उपसलं होतं, तेल काठोकाठ भरलं होतं, तिन्ही चाकांखाली तीन काटे होते. हँगरमध्ये उकडत होतं म्हणून मालकांनी पाहुणीसाठी मोठं दार उघडायला लावलं. छान वारा आला. तीन आकड्यांची बेरीज मी केली: पंधराशे चौतीस.

मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. बाईंनी पेन काढलं.

आत्या मात्र काट्यांशी उकिडवी बसून राहिली होती. शेवटचा आकडा थरथरत होता. ती उठली आणि म्हणाली, "दार लावून घ्या."

"राहू द्या हो ताई," मालक म्हणाले. "वारा बरा आहे."

"वारा बरा आहे म्हणूनच म्हणतेय. विमान वाऱ्याकडे तोंड करून उभं आहे. पंख उचलतायत त्याला."

मालक तिच्याजवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "मग उचलू दे की. आपण कुठे उचललंय?"

आत्याने स्वतः जाऊन दार ओढलं. आकडे स्थिरावले. मी दोनदा बेरीज केली, कारण माझा माझ्या बेरजेवर शाळेपासून विश्वास नाही. पंधराशे त्रेचाळीस. म्हणजे वहीतल्या हिशेबापेक्षा सात किलो जड.

ते कुठून आलं, हे आत्याच्या लगेच ध्यानात आलं. मध्यंतरी विमानाला दोनदा रंग दिला होता, जुना न खरवडता. रंगाचं वजन कागदावर लिहायला कुणालाच सुचलं नव्हतं. खुद्द तिलाही नाही, आणि तसं तिने बाईंसमोर सांगितलं.

"तीन किलो," मालक म्हणाले. "ताई, तीन किलो म्हणजे एक कलिंगड. चाळीस लिहा."

"लिहीन. आधी कलिंगड काढू द्या."

"कुठून काढणार? आता आत काय राहिलंय?"

 मग मालकांनीच विमानाच्या दारातून आत पाहिलं. शेवटच्या खुर्चीमागे पॉलिश केलेलं लाकडी कपाट होतं, पेल्यांसाठी खाचा असलेलं. पहिल्या वर्षीच्या कमाईतून त्यांनी ते करून घेतलं होतं. लाकूड स्वतः निवडलेलं. याला हात लावायचा नाही, हे त्यांनी महिन्यापूर्वी आत्याला बजावलं होतं, आणि तिने लावला नव्हता.

मालक वाकून आत शिरले आणि त्यांनी एका खाचेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "ताई, पेचकस द्या."

आठ स्क्रू होते. दोन झिजलेले निघाले आणि मालकांचा शर्ट पाठीला चिकटला. आत्याने मदत केली नाही, फक्त विजेरी धरली. कपाट भरलं सहा किलो. दार बंद ठेवून पुन्हा तोललं: पंधराशे सदतीस.

बाईंनी आता लिहून घेतलं आणि त्या आत्याला म्हणाल्या, "पहिलाच आकडा तुमच्या सोयीचा होता. मी काही तज्ज्ञ नाही, मला कळलंही नसतं."

"तुम्हाला नसतं कळलं," आत्या म्हणाली. "एक इंजिन बंद पडलं असतं तर विमानाला कळलं असतं."

करार झाला. त्यात बाईंनी स्वतःहून एक कलम घातलं: दर सोमवारी उड्डाणाआधी सही आत्याचीच हवी, दुसऱ्या कुणाची चालणार नाही. मालकांनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं, जसं काही ते त्यांनाच सुचलं होतं. आत्या ऐकत ऐकत नखांतलं ग्रीस काढत होती. "म्हणजे सोमवारी सुट्टी नाही," एवढंच म्हणाली, पण त्या दिवशी घरी जाताना स्कूटर तिने चालवली, आणि चांगली पळवली.

पहिल्या सोमवारी पाच कारागीर आले. पाचही आडदांड. एकेकाला पिशवीसकट तोलून आत्याने कुणाला कुठे बसवायचं ते ठरवलं, आणि ती मंडळी वर्गात आल्यासारखी निमूट बसली. विमान धावपट्टीवर पळालं आणि अर्ध्याच्या थोडं पुढे अलगद सुटलं. मालक टाळ्या वाजवत होते. आत्या मान वर करून दोन्ही इंजिनांचा आवाज ऐकत होती. तो विरून गेला तशी हात पुसत आत गेली.

कुंपणापाशी इंधनाच्या टँकरचा चालक उभा होता. त्याने मला काहीच विचारलं नव्हतं. तरी मी त्याला म्हणालो, "ती माझी आत्या."