मंगळवारचं मोठं वर्तुळ

संशय घ्यायला मला कारण लागत नाही, आणि इथे तर ते काचेच्या बशीत आयतं मांडलेलं असायचं.

कुंभिवलीच्या आमच्या छोट्या कारखान्यात कोंबडीच्या खाद्यात मिसळायचे चांगले जिवाणू वाढवतात. ते रोगजंतूंना मारणारा रस सोडतात. रोगजंतू पसरलेल्या बशीत त्या रसाचा थेंब टाकायचा. भोवतीचं स्वच्छ वर्तुळ जितकं मोठं, तितका रस जालीम.

हे काम बघायला दहिवलीहून नवीन बाई येऊ लागल्या. शेठने त्यांना बजावलं होतं, वर्तुळ रोज मोठं दिसलं तर नोकरी कायम, नाहीतर नमस्कार. आणि मोठं वर्तुळ यायचं फक्त मंगळवारी जिवाणू वाढायला लावलेल्या बाटल्यांचं. मंगळवारी मी सरकारी कामासाठी खालापूरला असतो. मी नसताना चमत्कार! मनातल्या मनात मी बाईंच्या पर्समध्ये फिनेलची बाटलीसुद्धा पाहून ठेवली.

थंडीतल्या एका मंगळवारी मी खालापूरला निघालो, नाक्यावर वडापाव खाल्ला आणि मागच्या दाराने परत आलो. बाई जिवाणू उबवायच्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. दचकल्या नाहीत. ते तर फारच संशयास्पद.

"या सर," त्या म्हणाल्या. "रोज काय घालता बाटलीत, ते आज माझ्यासमोर घाला."

मी म्हटलं, मी? तशी त्यांची गावची भाषा बाहेर आली.

"तुमी नसता तवाच माझं काम नीट होतं. मी आंधळी नाय."

म्हणजे पाळत माझ्यावर होती! मला मनापासून आनंद झाला. तोडीस तोड माणूस रोज भेटत नाही. मीही खुर्ची ओढली आणि आम्ही एकमेकांच्या हातांवर नजर ठेवून बसलो.

मग वीज गेली. मंगळवारी ती दुरुस्तीसाठी जातेच, आणि इन्व्हर्टरवर फक्त फ्रिज आणि शेठची केबिन चालते. कपाटातला पारा उतरू लागला. बाईंनी पाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गुन्हेगार गारवा होता. भरपूर उबेत जिवाणू नुसतेच वाढत होते. जरा गारठले की संख्या कमी, पण रस जास्त.

दुसऱ्या दिवशी वीज असताना बाईंनी मुद्दाम कपाटाची ऊब कमी केली. वर्तुळ मोठं आलं. मी म्हटलं, जिवाणू रस आंबटही करतात, हा नुसता त्या आंबटपणाचा प्रताप असेल. त्यांनी रसात सोडा घालून आंबटपणा मारला. वर्तुळ होतं तेवढंच मोठं. मग ते रोज येत राहिलं.

कायम झाल्यावर बाईंनी पेढे आणले. मी आधी वास घेतला. मी केलेला चहा त्याही अजून मी घोट घेतल्याशिवाय तोंडाला लावत नाहीत.