अब्बांच्या मापाचा दस्ता

माझ्या वडिलांच्या शिकारी बंदुकीने चाळीस वर्षांत एकाही प्राण्याचा जीव घेतला नाही. तिचा जीव मात्र मी घेतला, तोही फोटो काढताना.

दाभोळच्या बाजूला आमची आंब्याची बाग आहे आणि त्या बागेवर माकडांचा हक्क आहे. अब्बांकडे आजोबांपासून चालत आलेली बंदूक, रीतसर परवान्याची. शिकार केव्हाच बंद झाली. अब्बा रोज संध्याकाळी पाचला अंगणात उभे राहून आभाळात एक बार काढायचे. माकडं पळायची आणि गाव घड्याळं लावायचं. गेल्या सुट्टीत मला हुक्की आली. एक पाय दगडावर, रिकामी बंदूक जमिनीवर उभी टेकवलेली आणि तिच्यावर रेललेला मी. (दुबईत आल्यापासून माझं वजन चौतीस किलोंनी वाढलंय, हे बंदुकीला सांगायचं राहून गेलं.) माझी बायको नसीम मोबाइल धरून "हसा की जरा" म्हणाली आणि काड्कन आवाज आला. बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा तो लाकडी भाग, पकडीपाशी मोडून त्याचे दोन तुकडे झाले. फोटो चांगला आलाय.

"काही झालं नाही," अब्बा म्हणाले.

हे त्यांचं आयुष्यभराचं वाक्य आहे. वादळात घराचं छप्पर उडालं तेव्हाही ते आभाळाखाली बसून हेच म्हणाले होते. पण त्या दिवशी पाच वाजता सवयीने ते अंगणात आले, मोकळ्या हातांनी वर बघत उभे राहिले आणि तसेच आत गेले. कुंपणावर सात माकडं बसून बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तिथेच ठरवलं, नवा दस्ता मी स्वतःच्या हातांनी करणार. थंडीत अब्बा आणि अम्मा व्हिजिटवर दुबईला येणार होते, तेव्हा हातात ठेवायचा. तोवर अक्षर बोलायचं नाही. नमुन्यासाठी मोडके तुकडे मागितले तर एकच मिळाला. मागचा तुकडा अम्मांनी पाणी तापवायला चुलीत घातला होता.

"मोडकंच होतं की," अम्मा म्हणाल्या.

मी काही सुतार नाही. मी एका कंपनीत एसी डक्टची कोटेशन्स बनवतो. पण परत आल्यावर जुन्या साहेबी थाटाच्या शिकारी बंदुकांचे इतके व्हिडिओ पाहिले, की झोपेतसुद्धा लाकडावरून हात फिरवू लागलो. (नसीमने उशी बदलून दिली.) साधा दस्ता करायचा नाही, अक्रोडाचाच करायचा, पकडीवर बारीक चौकटींची नक्षी आणि वर सात हात जवसाचं तेल! शारजाच्या औद्योगिक भागात लाकूडकाम करणारे एक म्हातारे उस्ताद सापडले. त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग हातातल्या तुकड्याकडे पाहिलं.

"बंदूक किधर है?"

"गाव में. यहां सिर्फ लकड़ी."

"फिर ठीक है. जिसके लिए बनाना है उसका नाप लाओ. कोहनी के मोड़ से उंगली तक."

आता माप मागितलं तर गुपित फुटणार. पण मला काळजी नव्हती. पंधरा वर्षं दर सुट्टीत मी दुबईतल्या देऱ्याच्या बाजारातून अब्बांसाठी शर्ट नेतोय, नंबर बेचाळीस. दर वेळी अब्बा तो अंगावर न चढवता बाजूला ठेवतात. दोन दिवसांनी घालून येतात आणि म्हणतात, "एकदम बरोबर बसला." माझाही नंबर बेचाळीसच. मी बाही वर केली आणि उस्तादांपुढे हात धरला.

"साहब, बूढ़े आदमी का बदन छोटा हो जाता है."

"हमारे अब्बा का नहीं हुआ. हर साल चेक होता है," मी म्हणालो. हे मी छाती काढून म्हणालो, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

पहिला दस्ता मी उलटा कोरला. दुसऱ्याला चीर गेली. तिसरा उस्तादांनी रंधून दिला आणि "बाकी घर पे घिसो, यल्ला," म्हणून मला दुकानाबाहेर काढलं. अल बर्शातली आमची बाल्कनी म्हणजे चार कुंड्या आणि एक मी. सहा महिने दर शुक्रवारी तिथे बसून मी कानशीने आणि पॉलिश पेपरने घासत होतो. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वाळत घातलेल्या नवऱ्याच्या पांढऱ्या कंदुऱ्यांवर, म्हणजे अरबी झग्यांवर, अक्रोडाचा भुसा बसला. वॉचमन दोनदा वर आला. घरात जवसाच्या तेलाचा असा वास भरला, की नसीमला बिर्याणीतसुद्धा फर्निचरची चव लागायची.

"अहो, सोफा विकला तरी चालेल, पण हे खलास करा आता," ती म्हणाली.

आमची सात वर्षांची झोया दस्त्याकडे बघून म्हणाली, "डॅड, इज इट अ हॉकी स्टिक?"

नक्षीच्या चौकटी मोजल्या तर एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी निघाल्या. माझी तीन नखं गेली. अनेकदा वाटलं, सगळं खाडीत टाकून द्यावं. पण मग कुंपणावरची ती सात माकडं डोळ्यांपुढे यायची आणि मी पुन्हा घासायला बसायचो.

शेवटी अब्बा-अम्मा आले. दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर मी दस्ता पांढऱ्या टॉवेलात गुंडाळून आणला आणि अब्बांच्या मांडीवर ठेवला.  अब्बा लाकडावरून नुसता हात फिरवत राहिले.

"तू केलास?"

"मीच केला."

ते उठले आणि दस्ता खांद्याला लावला. पकड इतकी पुढे होती, की त्यांचा हात तिथवर पोहोचेना. त्यांनी मान लांब केली, मग खांदा पुढे काढला, मग टाचा उचलल्या. सेंटर टेबलाच्या पलीकडची बिस्किटं घ्यायला वाकावं तसे ते वाकले आणि त्याच अवस्थेत म्हणाले, "एकदम बरोबर आहे."

"ग्रँडपा, युअर हँड इज नॉट रीचिंग," झोया म्हणाली.

"थँक्यू बेटा," अब्बा म्हणाले. त्यांना इंग्रजी येत नाही.

 मी अम्मांकडे पाहिलं. अम्मांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आता सांगून टाका त्याला," त्या अब्बांना म्हणाल्या. अब्बा चष्मा पुसायला लागले, तेव्हा अम्मांनीच उठून अब्बांच्या अंगातल्या शर्टाची कड उलटून मला दाखवली. आत दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं कापड दुमडून शिवलेलं होतं. "दर वर्षी मी दोन दिवस मशीनवर बसते. यांचा नंबर अडतीस. पहिल्यापासून."

"पंधरा वर्षं?"

"तू आणलेल्या बुटांत कापूस घालतात ते वेगळंच."

"अब्बा, मला सांगितलं का नाहीत?"

"तू एवढ्या लांबून आणायचास," अब्बा म्हणाले, "त्यात काय सांगायचं?"

मला रडू आलं. पंधरा वर्षं मी बापाला स्वतःचंच माप चढवत होतो आणि तो माणूस आत दुमडून घेत होता. डोळे पुसून मी जाहीर केलं, "आजपासून या घरात फक्त खरं बोलायचं. अब्बा, दस्ता कसा आहे?"

अब्बांनी अम्मांकडे पाहिलं, मग झोयाकडे, मग जमिनीकडे.

"थोडा लांब आहे."

"किती?"

"चार बोटं."

आम्ही लगेच शारजा गाठलं. उस्तादांनी अब्बांचा हात कोपरापासून मापला, माझ्याकडे एक नजर टाकली आणि करवत चालवली. माझ्या सहा महिन्यांच्या पॉलिशचा चार बोटं तुकडा भुशात पडला. अब्बांनी दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला आणि समोरच्या एक्झॉस्ट फॅनवर नेम धरला.

"आता बरोबर," ते म्हणाले. हे 'बरोबर' मी पंधरा वर्षांत एकदाही ऐकलेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

घरी आलो तर अब्बांनी स्वतःच्या बॅगेतून एक पुडकं काढलं. "दापोलीच्या बाजारातून तुझ्यासाठी शर्ट आणलाय. ही म्हणत होती, नसीमला माप विचारू. मी म्हटलं, बापाला मुलाचं माप माहीत नसतं होय?"

नंबर अडतीस. मी बेडरूममध्ये जाऊन श्वास सोडला, पोट आत ओढलं, नसीमने दोन्ही बाजूंनी खेचलं आणि बटणं लागली. हात खाली येत नव्हते, तसाच बाहेर येऊन उभा राहिलो.

"कसा आहे?" अब्बांनी विचारलं. डोळे इतके चमकत होते, की मी छप्पर, बंदूक, खरं बोलण्याचा नियम, सगळं विसरलो.

"एकदम बरोबर बसला," मी म्हणालो, आणि तेवढं बोलायला जी हवा लागली तिने पोटावरचं बटण सुटून थेट अब्बांच्या चष्म्यावर आदळलं. आमच्या घराण्यात चाळीस वर्षांत नेमका लागलेला तो पहिलाच बार.

"काही झालं नाही," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.