मुठीखालचा शिक्का

गनीभाईला मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझी समजूत घालायला येऊ नका.

माझा नवरा हुसेन इथे आखातात, सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहे. बावीस वर्षं लेथवर उभा. रत्नागिरीहून आला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं, आता दाढी पांढरी झाली. बोलण्याच्या बाबतीत मात्र दगड बरा! कालवणात मीठ नसलं तरी हा माणूस गपगुमान जेवून उठणार. पण लोखंडाला हात लावला की ते कुठलं, कधीचं, कुणी घडवलं, सगळं सांगेल. मालकाचा त्याच्यावर एवढा भरवसा, की वर्कशॉपची चावी ह्याच्याच खिशात असायची.

गनीभाई आमच्याच गावचा. मुहर्रकमध्ये त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. सात वर्षांपूर्वी त्याला कुठूनसं एक रिव्हॉल्वर मिळालं. नळी बुजवलेली, नुसतं शोकेसमध्ये ठेवायचं. गनीभाई म्हणाला, अमेरिकेतलं आहे, दीडशे वर्षांपूर्वीचं, अस्सल. झालं, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज फोटो! एकदा तर फोटोसाठी त्याने लाकडी मूठसुद्धा खोलली, आणि परत बसवताना स्क्रू तोडून ठेवला. तो स्क्रू करून घ्यायला रिव्हॉल्वर हुसेनकडे आलं.

दोन दिवस ते वर्कशॉपमध्ये होतं. दुसऱ्या दिवशी जेवताना हुसेन म्हणाला, "त्या रिव्हॉल्वरच्या स्क्रूंचे आटे मिलिमीटरचे आहेत. त्या काळातल्या अमेरिकन मालाला इंचाचे असतात. नक्कल आहे ती."

"मग सांगा की त्याला!"

"त्याने विचारलं तर सांगेन. गिऱ्हाइकाच्या मालाला आपण नावं ठेवायची नाहीत. लेथ शिकवणाऱ्या उस्तादनी सांगितलंय."

कसला मेला तो उस्ताद! महिन्याभराने गनीभाईचं गिऱ्हाईक एका जाणकाराला घेऊन आलं. त्याने मूठ खोलून बघितली आणि नक्कल आहे म्हणून परत केली. गनीभाईची चारचौघांत फजिती झाली. मग ह्या माणसाने काय करावं? जुम्म्याच्या नमाजनंतर गावची सगळी माणसं उभी असताना म्हणाला, "माझं अस्सलच होतं. हुसेनने वर्कशॉपमध्ये बदललं."

हुसेन म्हणाला, "ते आधीपासून नकलीच होतं. मला माहीत होतं."

"माहीत होतं तर तेव्हा का नाही बोललास?"

आता उस्तादचं नाव सांगून कोण ऐकणार? मालकाच्याही कानावर गेलं. तो रागावला नाही, नुसतं म्हणाला, चावी आता मॅनेजरकडे राहू दे. हुसेनने घरी येऊन रिकामी रिंग टेबलावर ठेवली. पुढे दावतींची बोलावणी कमी झाली. बायका माझ्याशी बोलताना पर्स दुसऱ्या खांद्यावर घ्यायच्या, मला दिसत नव्हतं का?

"खलास, शरीफा," हुसेन म्हणायचा. "अल्ला बघतोय."

"बघतोय ना! पण गावाला कुठे दिसतंय?"

वर्षानुवर्षं धुमसत राहिले. मग गेल्या वर्षी सुहा, आमची मुलगी, तिचा जुना लॅपटॉप टाकून देत होती. मी म्हटलं, आण इकडे. मी सातवी पास. माहूजच्या आमच्या त्या एवढ्याशा किचनमध्ये, कुकरच्या शेजारी, मी रिव्हॉल्वर शिकायला बसले. इंटरनेटवर जगभरचे शौकीन ह्या गोष्टींवर भांडत असतात. सुहा वाचून सांगायची आणि वैतागायची. "मम्मा, प्लीज, लेट इट गो!"

"वाच पुढे," मी म्हणायचे.

चार महिन्यांत कळलं ते असं. ह्या जुन्या रिव्हॉल्वरच्या नकला इटलीत बनतात, चांगल्या बनतात, आणि तिथे प्रत्येकीवर एका चौकोनात वर्षाची अक्षरी खूण ठोकतात; कुठली अक्षरं म्हणजे कुठलं वर्ष, त्याची यादीच मिळते. लबाड लोक ती घासून काढतात, धातूला ॲसिड लावून जुनाट करतात आणि अस्सल म्हणून विकतात. कधी कधी एखादी खूण मुठीखाली राहून जाते.

मुठीखाली! मी उठलेच. मी ग्रुपवरचं काही डिलीट करत नाही. फोन भरतो म्हणून सुहा ओरडते, ओरडू दे. सात वर्षं मागे गेले, आणि सापडला. गनीभाईचाच फोटो, मूठ खोललेली, खाली त्याचंच लिहिणं, "बघा, आत अस्सल शिक्का!" मोठा करून बघितला. चौकोनात ए आणि एम. म्हणजे एकोणीसशे चौऱ्याऐंशी. आणि फोटोची तारीख? हुसेनच्या हातात देण्याच्या तीन दिवस आधीची.

मी शुक्रवारची वाट बघितली. नमाज झाली, लोक बिर्याणीला बसले, फोन हातात आले. मग त्याच जुन्या फोटोला रिप्लाय केला. "गनीभाई, ही इटलीची खूण आहे, १९८४ची. यादी सोबत जोडलीय. फोटो तुमचा, तारीख तुमची. मग माझ्या नवऱ्याने बदललं काय?"

संध्याकाळी हुसेन मशिदीत असताना गनीभाई हलव्याचा डबा घेऊन दारात. मी आत या म्हटलं नाही.

"भाभी, इज्जतीचा सवाल आहे."

"कुणाच्या?"

त्याने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला, "त्या जाणकाराने मला तेव्हाच शिक्का दाखवला होता. पण लोकांसमोर तोंड कसं दाखवू, म्हणून..."

म्हणजे माहीत असून! मी दारात आडवी उभी राहिले. "फोन काढा," मी म्हटलं. "हेच ग्रुपवर बोला. तुमच्या आवाजात. इथे, माझ्यासमोर."

बोलला. "हुसेनने चोरी केली नव्हती. मला माहीत होतं. मी खोटं बोललो." आवाज फाटला होता. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? हलवा त्याच्याबरोबरच परत पाठवला.

हुसेन आला. मी तयारच होते, आता हा म्हणणार, झालं ना, खलास कर. मी फोन टेबलावर ठेवला आणि गनीभाईचा आवाज लावला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली, उभ्या उभ्या शेवटपर्यंत ऐकलं.

मग खुर्ची ओढून बसला.

"शरीफा," तो म्हणाला, "परत लाव."