तेल पाजलेलं ड्रॉइंग

"हात दाखवा," ते म्हणायचे.

मी चपला काढून वहिनींना "कशा आहात" विचारेपर्यंत आतून हा आवाज आलेला असायचा. मग तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेली मी, शाळेतल्या मुलीसारखे दोन्ही तळवे पुढे करायची. ते चष्मा कपाळावर सरकवून पाहायचे. "ओलसर आहेत. पुसून या." तुमच्याही इमारतीत असा एखादा गृहस्थ असेल, ज्याच्यावर चिडून आपण जिना चढतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याचीच बेल वाजवतो. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत, माझ्या बरोबर खालच्या मजल्यावर, ते होते.

मानपाड्याच्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. बाल्साच्या हलक्या लाकडाची, बिनइंजिनाची विमानं करायचा नाद त्यांना तरुणपणापासूनचा. त्यांतलं एक त्यांनी स्वतः कागदावर आखलेलं. शीळफाट्याजवळच्या माळावर, तिथे टॉवर उठायच्या आधी, ते उडवायला जात. असं विमान एक ना एक दिवस पडतंच. पडलं की त्याच ड्रॉइंगवरून नवं करायचं. "विमान जाऊ दे," ते सुरू करायचे आणि "कागद जपला पाहिजे," हे वहिनीच स्वयंपाकघरातून पुरं करायच्या.

तो कागद जेवणाच्या टेबलाएवढा होता, आणि जेवणाच्या टेबलावरच असायचा. त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरायचं, म्हणजे लाकडाचे तुकडे टाचण्यांनी बसवून चिकटवताना गोंद ड्रॉइंगला लागत नाही. हे प्लास्टिक वहिनींच्या साड्यांच्या कव्हरांचं.

"माझ्या साड्या उघड्यावर आणि ह्यांचं विमान कव्हरात," वहिनी मला ऐकवायच्या. "आम्ही जेवतो मांडीवर ताट घेऊन."

"ताटाखालून आमटी गळते," ते म्हणायचे. "टेबल आमटीसाठी नाहीये."

आणि एवढं सोवळं पाळणाऱ्या या माणसाने त्या कागदाला तेल पाजलं होतं. साधं गोडेतेल.

"अहो, कागदाला तेल?"

"मग उजवा पंख कसा करू?"

ड्रॉइंगवर पंख एकच काढलेला होता, डावा. उजव्यासाठी कागद पालथा घालायचा. पलीकडच्या रेघा दिसाव्यात म्हणून त्याला तेल चोळायचं. पहिल्या वेळी त्यांनी कागद न उलटताच दुसरा पंख केला होता.

"दोन्ही डावे झाले," वहिनी म्हणाल्या. "आठ दिवस घरात कुणी बोलत नव्हतं."

त्या तेलाने इतक्या वर्षांत कागद काळपट पडला होता, कडा बिस्किटासारख्या तुटत होत्या. एवढीच एक प्रत. ती गेली की ते विमान कायमचं गेलं. मी मागे लागले, कॉपी काढा. मोबाइलवर फोटो घेते म्हटलं, तर "फोटोत कडा वाकतात." एकदा तुकड्यातुकड्यांनी झेरॉक्स काढून आणली. त्यांनी पट्टी लावली. "दीड मिलिमीटर लांब आहे. खोटी आहे ही." ती झेरॉक्स वहिनींनी डब्यांखाली घातली.

वर्षभर डोकं खाल्ल्यावर ते ठाण्याला यायला तयार झाले. तिथे मोठी ड्रॉइंगं स्कॅन करणारं एक दुकान आहे. रिक्षात त्यांनी गुंडाळी मला धरू दिली नाही. दुकानातल्या बाईंनी कागदाची कड बोटाने चाचपली.

"काका, हे तेलकट आहे. आत घातलं तर माझा रोलर जाईल आणि तुमच्या कागदाचा चुरा होईल. दुसऱ्या कागदावर ट्रेस करून आणा, देते लगेच करून."

परत येताना शीळफाट्याला गाड्यांच्या गर्दीत रिक्षा अडकली. मला राहवलं नाही. "तेल पाजायला नको होतं तुम्ही."

"मग विमान उडलं नसतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ट्रेसिंग सुरू झालं. त्याच वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. एक रेघ चार वेळा ओढायची, तीन वेळा खोडायची. मी कागद धरून उभी. "मी ओढू का?" विचारलं की "तुम्ही पुस्तकं सांभाळा." सात महिने गेले. पंख झाला, धड झालं. शेपूट राहिलं, तोवर त्यांना खुर्चीत नीट बसवेना.

एका सकाळी त्यांनी आपणहून पेन्सिल माझ्यापुढे केली. "ओढा."

मी श्वास रोखून, पट्टी धरून, रेघ ओढली. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग खोडरबर घेऊन त्यांनी ती पुसून टाकली.

"अहो, बरोबर होती की!"

"बरोबर होती. जाड होती."

मला इतका संताप आला की मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. मागे पेन्सिलीचा आवाज येत होता, थांबत थांबत. वळून पाहिलं तेव्हा शेपूट पुरं झालं होतं. मधे रेघ हलली होती. त्यांनीही ते पाहिलं. पण खोडरबर त्यांच्या हातून खाली पडलं होतं आणि ते मागायला काही ते तयार नव्हते.

पंधरा दिवसांनी ते गेले. तेराव्यानंतर वहिनींनी ट्रेसिंग माझ्या हातात दिलं आणि टेबल पुसायला घेतलं.

मी एकटी ठाण्याला गेले. स्कॅन झालेलं ड्रॉइंग पडद्यावर मोठं करून बाई म्हणाल्या, "मॅडम, सगळं फर्स्ट क्लास आहे. एवढी शेपटाची रेघ हललीये. सरळ करून देऊ? एका मिनिटाचं काम."

करायलाच हवी होती. वाकड्या शेपटाचं विमान सरळ जात नाही, हे त्यांनीच मला शंभरदा सांगितलं असेल. ते असते तर त्यांनी त्या बाईंच्या हातून माऊस काढून घेतला असता.

"नको," मी म्हटलं. "तशीच छापा."

छपाईयंत्रातून कागद हळूहळू बाहेर यायला लागला. आता यावरून माझ्यावर ओरडायला कुणी नव्हतं, आणि मला त्यांचा भयंकर राग आला.