लाखबंद फ्लॉपी

फ्लॉपीवर गरम लाख ओतू नये, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या नाशिकच्या जन्म-मृत्यू विभागात गोपनीय कागद जायचा तो लखोट्यात घालून, वर लाख ओतून, पितळी शिक्का दाबून. मग गोपनीय फ्लॉपीही तशीच जायला नको का? मी भक्तिभावाने लाख वितळवली, शिक्क्यावर सगळं वजन टाकलं आणि लखोटा रवाना केला. आत फ्लॉपीचा पापड झाला होता.

हुकूम नवा होता. खेड्यातल्या बायका बाळंतपणाला शहरात येतात, त्या जन्मांची नोंद शहरातच राहते आणि गावच्या नर्सला पत्ताच लागत नाही. म्हणून दर महिन्याला ती माहिती आम्ही ग्रामीण आरोग्याच्या ऑफिसला द्यायची. पण त्या ऑफिसला आमच्या फ्लॉपीत व्हायरस असल्याची खात्री, आणि आम्हाला ते लोक माहिती बाहेर विकतात याची. पापड बघून तिथला क्लार्क फोनवर म्हणाला, "मुद्दाम पाठवली ना?" मी म्हणालो, "तुम्हीच वाकवली असेल."

अशात देवळ्याहून मेहुणीचा फोन आला. ती बाळंतपणाला इथेच, माहेरी आली होती; नोंद माझ्याच हातची. "दाजी, नर्सबाई अजून फिरकल्या नाहीत, पण ब्रीफकेसवाला विमा एजंट येऊन गेला! बाळाचं वजनसुद्धा तोंडपाठ होतं त्याला."

बायको माझ्याकडे बघतच राहिली. "ज्याला कळायला हवं त्याला कळत नाही, आणि नको त्याला वजनासकट कळतं. छान चाललंय तुमचं गोपनीय."

तशाच दोन तक्रारी साहेबांकडेही आल्या होत्या. साहेबांनी मला आत बोलावलं. "माहिती कॉम्प्युटरमधूनच फुटतेय. कॉम्प्युटरवर कोण बसतं?"

बसायची एक कंत्राटी मुलगी. वडील अंथरुणाला खिळलेले, घर तिच्या पगारावर. साहेब म्हणाले, "शनिवारपर्यंत बघा. नाहीतर तिचं कंत्राट पुढे चालू ठेवायचं नाही."

मी बघू लागलो. एकदा बघायला लागलं की काय काय दिसतं! ती फोनवर हळू का बोलते? पर्स जेवायलाही सोबत का नेते? परवा नवी चप्पल कुठून आली? फ्लॉपीच्या डब्याची किल्ली मी तिच्याकडून काढून स्वतःच्या जानव्याला बांधली. तिने विचारलं, "सर, माझं काही चुकलं का?" मी म्हणालो, "नाही, नियम आहे." असा नियम नव्हता.

शुक्रवारी बायको भाच्याचा दाखला न्यायला आली. बारसं झालं होतं, नाव चढवायचं होतं. ओळखीने काम नको, म्हणून मी तिला लोकांसारखं बाकावर बसवलं. माझं खिडकीचं काम जोरात होतं. नोंद घेतल्यावर आणि दाखला छापण्याआधी ती मोठ्याने वाचून दाखवायची, म्हणजे चूक तिथेच कळते, ही आमची जुनी पद्धत. आणि माझा आवाज, सगळं खातं म्हणतं, खणखणीत. ओझरचा एक तरुण बाप समोर होता. आईचं नाव, बापाची नोकरी, गल्ली, घर नंबर, वजन तीन किलो: मी सगळं वाचलं. मागून "परत एकदा वजन?" असा आवाज आला, तेव्हा मी पुन्हाही वाचलं.

बायको उठून खिडकीशी आली. "अहो, वजन विचारलं ते कोणी?"

"बापाने. का?"

"बाप तुमच्या पुढ्यात उभा आहे. विचारणारा माझ्या शेजारी बसला होता. तळहातावर लिहून घेत होता. मी म्हटलं, तुमचं काय काम आहे? तर म्हणाला, 'झालं माझं काम, वहिनी,' आणि ब्रीफकेस उचलून जिना उतरला."

मी साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं, अर्थात शक्य तितक्या हळू आवाजात. मुलीला कमी करण्याचा कागद टेबलावर टाईप होऊन पडला होता, फक्त सही बाकी होती. साहेबांनी तो फाडला नाही. खणात ठेवला आणि खण लावून घेतला. म्हणाले, "उद्यापासून नोंद ज्याची त्याला वाचायला द्या. वाचता येत नसेल त्याला आत बसवा."

जानव्याची किल्ली सोडवून मी मुलीच्या टेबलावर ठेवली. तिने ती उचलली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

रात्री जेवताना हे बायकोला सांगितलं. तिने आधी माझ्या ताटात भात वाढला. मग म्हणाली, "उद्या तिच्यासाठी डब्यात शिरा देते. नेऊन द्या. कशाबद्दल, ते मात्र वाचून दाखवू नका."