मामांच्या तोंडी घातलेला शेमा

माझे धाकटे मामा शेवटच्या क्षणी शेमाची प्रार्थना म्हणाले, असं आमच्या मराठी यहुदी लोकांत आजही सांगतात. खोटं आहे ते. साफ खोटं. इस्पितळात त्यांच्या खाटेजवळ मी एकटी बसले होते.

मी अलिबागकडची. पाचवीत शाळा सुटली. आई गेल्यावर या मामांनीच मला मुंबईला नेलं आणि एकोणीसशे सत्तरच्या आसपास इस्राएलला निघाले तेव्हा आपल्याबरोबर किर्यात मलाखीला आणलं. मामी नव्हती, मूलबाळ नव्हतं. "तू चहा कर, बाकीचं जग मी बघतो," म्हणायचे. मला पहिल्यापासून सगळ्याची धास्ती. बस चुकेल, मुकादम काढून टाकेल, कागदावर चुकीच्या जागी सही होईल. परक्या देशात मी उभी राहिले ती या माणसाच्या आधाराने.

मुंबईत ते गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, दुरुस्त करायचे. सिनेगॉगमध्ये जायचे, पण चार माणसं भेटतात म्हणून. नवसाचा मलिदा खायला सगळ्यांच्या आधी हजर. मात्र मेल्यावर पुढे काही असतं, हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. एकदा मी घाबरत घाबरत विचारलं, "मग आई कुठे गेली?"

"साचा बंद केला की त्याचा खडखडाट कुठे जातो, बये? कुठे जात नाही. होत नाही, एवढंच."

मला रडू फुटलं. तेव्हा म्हणाले, "तुला ती कुठेतरी हवी असेल तर असू दे. मी काय पोलीस आहे?"

पुढे ते आजारी पडले. आमच्यात माणूस गेला की घरात सात दिवस दिवा आणि पाण्याचा पेला ठेवतात, जीव तहानलेला येतो म्हणून. तो ठेवायचा की नाही, हे मी त्यांनाच विचारून टाकलं. दुसऱ्या कोणाला विचारणार?

"ठेव की. या उन्हात मांजर तरी पिईल." हसले, मग गंभीर झाले. "पण एक ऐक. आपल्यातले देव न मानणारे जेवढे मेले, ते सगळे म्हणे शेवटच्या मिनिटाला शेमा म्हणाले. एकही सुटला नाही! माझ्याबद्दल तसं कोणाला सांगू देऊ नकोस. दिवा लावा, पाणी ठेवा, तुमचं तुम्ही करा. माझ्या तोंडी काही घालू नका."

शेमा म्हणजे देव एकच आहे, असं सांगणारी आमची प्रार्थना. मरताना ती ओठांवर असावी, असं आमच्यात प्रत्येकाला वाटतं. मामांना वाटत नव्हतं. मी हो म्हटलं.

गेले ते दुपारी. शेजारच्या खाटेवर मोरोक्कोचे एक आजोबा चादर गळ्यापर्यंत ओढून पडले होते. मामा म्हणाले, "पंखा बंद कर गं, त्या म्हाताऱ्याला गार लागतंय." मी बटण बंद करून वळले, तर मामा संपले होते.

सातव्या दिवशी घरात माणसं जमली. थोरले मामा पेताह तिक्वा शहरात ऑफिसात होते, पुण्यात शिकलेले. फॅक्टरीतलं माझं काम त्यांच्याच शब्दाने लागलं होतं, ते मी विसरले नव्हते. त्यांच्या मुलाचं लग्न एका बगदादी यहुदी घरात जमत आलं होतं. त्या लोकांना आमचं यहुदीपण आधीच जरा कमी पडायचं. होणारे व्याही समोर खुर्चीवर बसलेले, आणि थोरल्या मामांनी हिब्रूत सुरू केलं. मग म्हाताऱ्या बायकांसाठी पुन्हा मराठीत.

"माझा हात धरून शेमा म्हणाला! एकेक शब्द स्पष्ट!"

"सुटला बिचारा," शेजारची आजी डोळे पुसत म्हणाली. "नाहीतरी देव म्हटलं की नुसती थट्टाच करायचा मेला."

काम जाईल, ही धास्ती होतीच. तरी बोलले. "मामा, तुम्ही संध्याकाळच्या बसने आलात. तेव्हा ते जिवंत कुठे होते?"

"गप बस. तुला काय कळतं त्यातलं?"

"मी तिथे होते."

"मी भाऊ आहे त्याचा! भलंच केलं ना त्याचं?"

व्याह्यांनी हिब्रूत विचारलं, ही काय म्हणतेय? मामेभाऊ पटकन म्हणाला, काही नाही, दुःखात आहे. ते ऐकून माझं डोकंच फिरलं. फॅक्टरीत शिकलेल्या मोडक्यातोडक्या हिब्रूत मीच सांगितलं, "मामांनी प्रार्थना केली नाही. पंखा बंद कर म्हणाले. शेजारच्याला थंडी वाजत होती."

व्याही थोरल्या मामांकडे बघत राहिले. जाताना थोरले मामा दारात पुटपुटले, "उद्यापासून काम राहतं का बघ."

काम राहिलं. लग्नही झालं, थाटात. मग कोणासाठी होतं ते खोटं? वर्षश्राद्धाला कबरीवर थोरल्या मामांनी तेच पुन्हा सांगितलं, वर "चेहऱ्यावर तेज आलं होतं" अशी भर घातली. तेज! मी पुन्हा सगळ्यांदेखत नाही म्हटलं. आता त्यांची नातवंडं हीच गोष्ट हिब्रूत सांगतात, आणि मी नाही म्हटलं की हसतात. हसू देत.

आई कुठेतरी आहे, असं मला अजून वाटतं. मामाही असतील कदाचित. तसं निघालंच तर ते कपाळावर हात मारून म्हणतील, बये, चुकलो. पण ते त्यांचं त्यांनी म्हणायचं. त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी नाही.