आग्रह न करणारी बाई

आमच्याकडे पहिल्या विचारण्याला ‘हो’ म्हणणं म्हणजे हावरटपणा. चहा घेणार का? नको. जेवून जा. छे, आत्ताच झालं. मग समोरच्यानं पुन्हा म्हणायचं, हाताला धरून बसवायचं, आणि आपण ‘एवढं म्हणताय तर’ करत दोन पोळ्या जास्त खायच्या. यात कुणी कुणाला फसवत नाही, सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. सत्तरी गाठेपर्यंत मला वाटत होतं की माझं आयुष्य या रीतीवर छान चाललं.

छान म्हणजे कसं, तर मुलगा बघून गेल्यावर वडिलांनी विचारलं, तेव्हा ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणणारी ती गुणी पोरगी मीच. नवरा चांगला निघाला, पण त्यात तिच्या अकलेचा काही वाटा नाही. पुढं ही पोरगी शाळेत बाई झाली. मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली तेव्हा शिक्षण खात्याच्या साहेबांनी तिलाच विचारलं. बाई म्हणाल्या, “माझ्यापेक्षा बाकीचे योग्य आहेत.” आणि पदर सावरत आग्रहाची वाट बघत उभ्या राहिल्या. आभाराचं भाषण घरी आरशासमोर म्हणून झालं होतं. साहेब म्हणाले, “बरं,” आणि चहाकडे वळले. ते भाषण मला अजून तोंडपाठ आहे. कुणाला हवं असेल तर म्हणून दाखवते.

नवरा गेला, आणि महिनाभरात पुण्याहून मुलाचा फोन आला. “आई, आता तू एकटी कोल्हारला राहायचं नाहीस. इकडे ये.”

मी म्हटलं, “कशाला रे, तुमच्या संसारात माझी अडचण.”

मला खरंच जायचं नव्हतं. पण मुलगा माझाच. त्याला ते पहिलं ‘नको’ वाटलं, आणि त्यानं घरच्या वळणाप्रमाणे आग्रह सुरू केला. पुढच्या एका फोनवर मी दमून गप्प बसले. आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे ताट वाढा. त्यानं टेम्पो ठरवला आणि घराला भाडेकरूही शोधला.

मग माझी झोप गेली. ताट वाढून घ्यायचे आणि ते तसंच गार व्हायचं. मुलानंच नगरमधल्या एका समुपदेशक बाईंची वेळ घेतली. “नुसतं बोलायचं असतं आई, वेड्यांचं काही नाही.” त्याच्या मनात होतं की ही बाई माझं मन वळवून मला टेम्पोत बसवेल. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. कुणीतरी वळवावं आणि सुटावं.

मी लाडवांचा डबा घेऊन एसटीनं नगरला गेले. औषधाच्या दुकानावरची एक खोली, समोरासमोर सारख्या उंचीच्या दोन खुर्च्या, मध्ये टेबल नाही. टेबलाशिवाय कसली डॉक्टर, असं मनात आलं. बाई माझ्या सुनेच्या वयाची. तिनं लाडू घेतला, माझ्यासमोरच खाल्ला, बरा झालाय म्हणाली आणि गप्प बसली.

“विचार की,” मी म्हटलं.

“तुम्हाला कशाबद्दल बोलावंसं वाटतंय, आजी?”

“तू विषय दे. मी निबंध सांगते.”

ती हसली, पण विषय काही दिला नाही. मग मी नवऱ्याचं पथ्य, मुलाचा फ्लॅट, सुनेचा स्वभाव असं सगळं सांगितलं. ऐकताना ती घड्याळाकडे बघत नव्हती, मान डोलवायची म्हणून डोलवत नव्हती. शेवटी मी विचारलं, “मग जाऊ का पुण्याला?”

“ते मी ठरवलं तर तिथं राहायला मला जावं लागेल,” ती म्हणाली. “सगळ्यांना काय वाटतं ते तुम्ही सांगितलंत. तुम्हाला काय हवंय ते अजून ऐकलं नाही मी.”

मला राग आला. निघताना तिनं विचारलं, “पुढच्या आठवड्यात यायचंय तुम्हाला?”

“नको, कशाला तुझा वेळ घेऊ,” मी म्हटलं, आणि पिशवी उचलायला मुद्दाम उशीर लावला.

“बरं,” ती म्हणाली. “यावंसं वाटलं तर फोन करा.” आणि दार उघडून उभी राहिली.

बसमध्ये राहुरी येईपर्यंत मी तिला मनातल्या मनात झोडपलं. लाडू खाल्ला आणि साधं ‘या’ म्हणता येत नाही. राहुरीला गर्दी उतरली, खिडकीशी जागा मिळाली, तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. या पोरीनं माझं ‘नको’ खरं मानलं होतं. साहेबांनीही मानलं होतं, पण त्यांना चहा प्यायचा होता. हिनं माझ्या तोंडाकडे बघून मानलं. माझा शब्द माझाच आहे, असं धरून चालली होती. आता परत जायचं की नाही हे ढकलायला मला जगात कुणी उरलं नव्हतं. आणि वर, मला तिथं परत जायचं होतं.

दोन दिवस फोन नुसता हातात घेऊन पुन्हा ठेवत होते. शेजारची म्हैसवाली दूध घालायला आली, म्हणाली, “मास्तरीनबाई, काय त्या फोनला अंडी उबवाय बसवलंय का? करायचा तर करा, न्हाई तर दूध तापवा.” मी फोन केला. “मला यायचंय,” म्हटलं. एवढंसं वाक्य, पण जीभ अडखळली.

गेल्यावर आधी भांडले. “तुला एकदा या म्हणता आलं नसतं का?”

“तोंडावर आलं होतं माझ्या,” ती म्हणाली. “तुम्ही पिशवी चाचपत उभ्या होतात, मला वाईट वाटत होतं. पण मी ओढून आणलं असतं, तर इथंही तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी मर्जीनंच बसला असता.”

तिलाही वाईट वाटलं होतं, हे ऐकून माझा राग उतरला. मग मी तिला ते सांगितलं जे मुलाला सांगायची लाज वाटत होती. नवऱ्यावर माझी माया होती, पण तो गेल्यावर एका दुपारी मी कांदाभजी तळली आणि ओट्याशी उभ्यानं एकटीनं खाल्ली. घरात वर्षानुवर्षं पथ्याचं शिजत होतं. खाताना रडले आणि मिरच्याही तळल्या. ही भजी खाणारी बाई कोण, तिला अजून काय काय आवडतं, हे मला त्याच घरात बघायचं होतं.

“आणि भीती?” तिनं विचारलं.

“मरणाची ना? आहे. पण ते पुण्यातही मलाच करावं लागेल, सून माझ्या जागी थोडीच मरणार आहे.”

ती हसली नाही. “हो,” एवढंच म्हणाली, आणि खुर्ची पुढं ओढून माझ्याजवळ बसली. त्या बसण्यानं मला बळ आलं.

टेम्पो येण्याच्या आधीच्या रविवारी मुलगा बांधाबांध करायला आला. मी त्याला खाली बसवलं. “मी येणार नाही. मला इथं राहायचंय.”

“आई, आम्हाला काही त्रास नाही गं.”

“तुमच्या त्रासाचं बोलतच नाहीये मी. मला इथं राहायचंय.”

त्यानं आग्रह केला, रागावला, रात्री काही झालं तर काय म्हणून डोळे पुसले. मी त्याचा हात धरून ठेवला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. गप्प मात्र बसले नाही.

“हे शेवटचं तुझं?”

“पहिलंच आहे रे,” मी म्हटलं.

मग बाहेर जाऊन त्यानं टेम्पोवाल्याला आणि भाडेकरूला नको म्हणून कळवलं. तो आत आल्यावर मी विचारलं, “जेवतोस?”

“नको, उशीर होईल.”

“बरं,” म्हटलं, आणि त्याचं ताट उचलून मांडणीत ठेवलं. माझं वाढून घेतलं आणि जेवायला बसले. तो बूट घालून दारात उभा राहिला, किल्ली या हातातून त्या हातात करत. आग्रह माझ्या अगदी ओठांवर होता. मी तो घासाबरोबर गिळला.

“आई,” तो म्हणाला, “मला भूक लागलीय.”

मग ताट पुन्हा काढलं.